माझा गुरुवार आणि मुलींची बारी

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, तुझ्या घरात त्या ताया का राहतात? आणि त्या तुला स्वयंपाक का करायला लावतात?" फोनवर उत्तर देण्याइतका हा प्रश्न लहान नाही, म्हणून लिहिते आहे. तुमच्या बाबांनी हे मोठ्याने वाचून दाखवावं. त्यांच्याबद्दल जिथे लिहिलं आहे ती वाक्यं त्यांनी गाळू नयेत. पानांवर क्रमांक घातले आहेत आणि मी नंतर प्रश्न विचारणार आहे.

आजोबा गेल्यानंतर मला एक वाईट सवय लागली होती. ओट्याशी उभं राहून, थेट पातेल्यातून, डावाने जेवायचं. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवताना मुलींना काटे-चमचे कसे धरावेत हेसुद्धा सांगत आलेली मी! पण ताट घ्यायचं तर धुवायला हवं, आणि टेबलाशी बसायचं तर समोर कुणीतरी हवं. तुमच्या बाबांनी एकदा व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं.

"आई, तू उभी का आहेस?"

"पाय मोकळे करते आहे."

"हातात डाव आहे."

पंधरा दिवसांत पुण्यातल्या एका इमारतीची चित्रं माझ्या फोनवर आली. सगळे फ्लॅट फक्त ज्येष्ठांसाठी. खाली डॉक्टर, वर भजनाचा हॉल, आणि लिफ्टमध्ये बसायला खुर्ची. मी म्हटलं, मी बारामती सोडणार नाही. ते म्हणाले, "मग एकटी राहू नकोस. मी रोज तुझ्याकडच्या रात्री आठ वाजता फोन करणार. ज्या दिवशी तू एकटी जेवताना दिसशील, त्या दिवशी मी त्या इमारतीचा फॉर्म भरणार." तुमचे बाबा आजोबांवर गेले आहेत. बोलतात ते करतात.

म्हणून मी मुली आणल्या. वरच्या मजल्यावर तीन खोल्या रिकाम्याच होत्या आणि गावात कॉलेजं भरपूर. पण मला भाडेकरू नको होते. भाडेकरू आपापल्या खोलीत डबा खातात, त्याचा मला काय उपयोग? मी ठरवलं, सहकारी तत्त्वावर घर चालवायचं. भाडं नाही. प्रत्येकीने घरून धान्य आणायचं, काम वाटून घ्यायचं, आणि सगळ्यांची चूल एक. घरमालकीण म्हणून मी वेगळी बसणार नव्हते. मी सभासद क्रमांक एक. सहा मुली, क्रमांक दोन ते सात.

सहाजणींची नावं मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात एकमेकींना गावावरूनच हाक मारतात. माळेगावची मुलगी चिटणीस झाली, कारण तिच्या आबांनी साखर कारखान्याची निवडणूक तीनदा लढवली आणि तिन्ही वेळा ते पडले. निवडून आलेल्यांपेक्षा पडलेल्याला नियम जास्त पाठ असतात. इंदापूरच्या मुलीच्या अब्बांचं भांड्यांचं दुकान आहे. तिने येताना एवढं मोठं पातेलं आणलं की ते दारातून आडवं करून आत घ्यावं लागलं. भिगवणच्या मुलीच्या घरी मासळीचा व्यापार. तिच्या आईला मी शिकवलं होतं आणि इंग्रजीत नापासही केलं होतं, हे तिने पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं. सांगवीची मुलगी सगळ्यांत शेवटी आली, उंच, कमी बोलणारी, ज्वारीचं पोतं स्वतःच्या खांद्यावरून वर नेणारी. उरलेल्या दोघी चुलतबहिणी. त्या एका खोलीत राहतात, एकच शाम्पू वापरतात आणि सभेत दोघींचा हात एकदमच वर जातो. त्यांना आम्ही 'जोडमत' म्हणतो.

मी अकरा नियम टाइप करून ठेवले होते. त्यांतले दोन तुम्ही लक्षात ठेवा.

नियम सात: जो सभासद बदली न देता स्वयंपाकाची आपली पाळी तीनदा चुकवील, त्याचे स्वयंपाकघरातील सभासदत्व रद्द होईल व त्याने आपली चूल वेगळी मांडावी.

नियम अकरा: कोणताही नियम मागील तारखेपासून बदलता येणार नाही.

पहिली सभा भरली तेव्हा माझी कल्पना अशी होती की मी नियम वाचून दाखवीन, मुली माना डोलावतील आणि चहा होईल. पण बाळांनो, या मुलींनी लहानपणापासून जेवणाच्या पंगतीत कारखान्याच्या वार्षिक सभा ऐकलेल्या. माळेगावची उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आधी अध्यक्ष निवडा. सूचक-अनुमोदक लागतात. न्हायतर सभाच बेकायदा."

मी बिनविरोध अध्यक्ष झाले. मग एकेका नियमावर चर्चा सुरू झाली आणि ती संध्याकाळपर्यंत चालली.

आंघोळीच्या नियमावर तर खडाजंगीच झाली. सोलरचं गरम पाणी सकाळी बेताचंच असतं. मी वयानुसार क्रम लिहिला होता. माळेगावची म्हणाली, "असं न्हाय चालत. कारखान्यात कसं असतं? ज्यानं आधी उसाची लागण केली, आधी नोंद दिली, त्याचा ऊस आधी तुटतो. बाथरूमच्या दाराला पाटी लावा. रात्री जी आधी नोंद करील तिची सकाळी आधी तोड." हे टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. तेव्हापासून सकाळी सहा वाजता आमच्या जिन्यात जी आरडाओरड चालते, ती शेजाऱ्यांना अजून समजलेली नाही. आतली वेळ लावायला लागली की बाहेरची टॉवेल घेऊन ओरडते, "आवर की बाई! माझ्या उसाला तुरं आलं!" उसाला तुरा येणं म्हणजे तोडायची वेळ उलटून जाणं. एकदा माझीच नोंद उशिराची होती. नऊपर्यंत मला तुरे आले, आणि तसं मी ओरडलेसुद्धा.

आता स्वयंपाकाच्या पाळीकडे येते. मी पुन्हा वयानुसार क्रम लिहिला होता. आतापर्यंत गप्प बसलेली सांगवीची तेव्हा बोलली.

"आमचं रान पाटाच्या टेलला हाय," ती म्हणाली. पाट म्हणजे कालवा आणि टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. "नियम असा हाय की टेलला पाणी पयलं द्यायचं, आन मग वर वर यायचं. म्हंजे वरच्यानं सगळं पाणी पिऊन टाकायला नगं. कागदावर टेलला पयलं, रानात शेवटी. हितं तरी कागदासारखं करू."

मला हे फार आवडलं. म्हणजे शेवटी आलेली सभासद पहिली बारी करणार आणि क्रमांक एक, मी, सगळ्यांच्या शेवटी. मुली पाळीला 'बारी' म्हणतात, पाण्याची बारी म्हणतात तशी. शुक्रवारी क्रमांक सातपासून सुरुवात झाली आणि माझा दिवस आला गुरुवार. मी माझ्या डायरीत वर्षभराच्या सगळ्या गुरुवारांवर निळ्या शाईने 'स्वयंपाक' असं लिहून टाकलं. सात माणसं, सात वार. इतकी नीटनेटकी व्यवस्था मी कुठल्याही ऑफिसात पाहिली नव्हती.

त्याच सभेत आणखी एक ठराव झाला. प्रत्येक नवीन सभासदाने पहिल्या बारीला पिठलं-भाकरी करायची, सगळ्यांना पुरेल एवढी, आणि कुणाची मदत न घेता. मला त्यातून संस्थापक म्हणून सूट मिळाली. बरं झालं, कारण माझं माहेर पुण्याचं, पोळ्यांचं. सासरी भाकऱ्यांना बाई होती. मला भाकरी येत नाही, हे तुमच्या बाबांनाही माहीत नव्हतं. आता होईल.

घर छान चाललं. सकाळी माळेगावची गुळाचा खडा घालून चहा करायची. इंदापूरच्या पातेल्यात एकदम सगळ्यांची आमटी व्हायची. पिण्याचं पाणी भरणं, गॅसची टाकी बदलणं, कडधान्य भिजत घालणं, सगळ्याचे तक्ते मी फ्रिजवर लावले होते. रोज आठ वाजता तुमचे बाबा फोन करायचे. मी फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचे, टेबलाभोवती सातजणी बसलेल्या दिसायच्या, आणि ते म्हणायचे, "ठीक आहे." फॉर्मचं प्रकरण मुलींनाही ठाऊक झालं होतं. मी कधी सांगितलं नाही. तुमचे बाबा मोठ्याने बोलतात.

ऑगस्टमध्ये भिगवणच्या मुलीची एक बारी चुकली. प्रॅक्टिकल लांबलं, तिने बदली सांगितली नाही, आणि आम्ही सगळ्यांनी पोह्यांवर भागवलं. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर उघडलं आणि लाल शाईने नोंद केली: सभासद क्रमांक सहा, एक बारी चुकली.

"आजी, येवढ्या बारीला सोडा की," ती म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

"माझ्या आईलाबी तुमी असंच दोन मार्कांनी ठेवलं व्हतं."

"तीन मार्कांनी," मी म्हटलं. माझ्या लक्षात होतं.

मग दिवाळी आली. परीक्षा तोंडावर होती म्हणून मुली पाचच दिवस घरी गेल्या. ते पाच दिवस मी आठच्या आत जेवून, ताट धुऊन, कोरड्या हातांनी फोनसमोर बसत होते. खोटं एक अक्षर बोलले नाही. कशी जेवले ते मात्र विचारू नका. डाव परत खुंटीवरून खाली आला होता.

मुली परत आल्या आणि सगळं पुन्हा सुरू झालं, निदान मला तसं वाटलं. एका मंगळवारी साडेसात वाजले तरी स्वयंपाकघरात हालचाल नव्हती. मी पेपर वाचत बसले होते. मुली एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी सांगवीची काही न बोलता उठली आणि तिने पीठ मळायला घेतलं. जेवण उशिरा झालं. मी जेवताना वेळेचं महत्त्व या विषयावर चार शब्द बोलले. चार म्हणजे जरा जास्तच. सगळ्यांनी खाली मान घालून ऐकलं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी ॲप्रन बांधून स्वयंपाकघरात गेले तर भिगवणची कांदा चिरत होती.

"अगं, आज तू कशाला? हो बाजूला."

तिने सुरी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "करू द्या की आजी, असू दे."

"छे, छे. ज्याचं काम त्याने करावं."

"बरं," ती म्हणाली आणि वर जाऊन झोपली.

पुढच्या मंगळवारी तेच, पुढच्या गुरुवारी तेच. तिसऱ्या आठवड्यातही तेच. सांगवीची मुलगी मंगळवार-बुधवार लागोपाठ दोन दिवस भाकऱ्या थापत होती. तिला ते काम आवडतं असं माझं मत झालं, आणि मी तिचं कौतुकही केलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी चार वाजता सहामाही सभा भरली. विषय पहिला, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. विषय दुसरा, बाऱ्यांच्या रजिस्टरचं वाचन. माळेगावची चिटणीस वाचू लागली. जून झाला, जुलै झाला, ऑगस्टमधली लाल नोंद झाली, आणि दिवाळीनंतरचं, तिच्याच अक्षरातलं पान आलं तसं तिने दोन पानं एकदम उलटली.

"तू एक पान गाळलंस," मी म्हटलं.

"चिकटलंय आजी ते."

"मग सोडव."

"त्यात काय नाय विशेष."

"रजिस्टर पूर्ण वाचायचं असतं. आण इकडे." मी चष्मा लावला आणि ते पान मीच मोठ्याने वाचलं. सभासद क्रमांक एक, मंगळवार, बारी चुकली. पुन्हा सभासद क्रमांक एक, मंगळवार, बारी चुकली. तिसरी ओळही तीच.

"मंगळवार?" मी म्हटलं. "माझा गुरुवार आहे."

सांगवीच्या मुलीने अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "आजी, तुमी वार धरून बसलाय. बारी वारावर नसती. पाट बंद पडला तर बारी तितंच थांबती. पाणी सुटलं की जितं थांबलीवती तितनं पुढं. दिवाळीत पाच दिवस चूल बंद व्हती. म्हंजे बारी पाच दिवस थांबली. तुमची गुरुवारची मंगळवारवर आली."

शेतकऱ्याच्या पोराबाळांना जे चालायला लागल्यापासून कळतं, ते मला बारामतीत सगळा संसार करून कळलं नव्हतं. मी कॅलेंडर पाहत होते, त्या पाणी पाहत होत्या. दिवाळीपर्यंत दोन्ही एकच दिसत होतं, एवढंच.

"मग मी गुरुवारी स्वयंपाक केला तो?"

"ती माझी बारी व्हती," भिगवणची म्हणाली.

जोडमतापैकी एकीला हसू आवरेना. "आमच्याकडं बारी नसताना दुसऱ्याच्या पाण्याचं दारं धरलं तर पाटकरी पंचनामा करतो."

दारं धरणं म्हणजे पाणी आपल्या रानात घेणं, आणि पाटकरी हा कालव्याचा राखणदार. थोडक्यात, मी स्वतःचं पाणी वाया घालवलं होतं आणि दुसरीचं चोरलं होतं. वर वेळेवर व्याख्यानही दिलं होतं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार?" इंदापूरची म्हणाली. "मला वाटलं ही सांगंल, हिला वाटलं मी सांगंन. आन तुमी इतक्या शिस्तीत पेपर वाचत बसल्याला."

मी रजिस्टर मिटलं. तीन बाऱ्या. नियम सात. वेगळी चूल. मला समोर डाळीचा डबा दिसला, त्याला टेकवलेला फोन दिसला, आणि फोनच्या पलीकडे टेबलाशी मी एकटी. तुमचे बाबा फॉर्म भरायला किती मिनिटं घेतील, तेही मी मोजलं.

मुली मात्र कामाला लागल्या होत्या. इंदापूरची उभी राहिली. "अध्यक्षांच्या परवानगीनं. तिन्ही मंगळवारी आजींनी मला बदली सांगितली होती. मी विसरले. चूक माझी."

बिचारीचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मी स्वतःच क्षणभर विश्वास ठेवला. पण मग म्हटलं, "मी तुला काहीही सांगितलं नव्हतं."

"आजी, गप बसा की वाईच!" चारजणी एकदम ओरडल्या.

जोडमताने दोन हात वर केले: नियम सात रद्द करावा. मी नियम अकरा वाचून दाखवला. मागील तारखेपासून बदल नाही. माळेगावची कपाळावर हात मारून म्हणाली, "आबा म्हणत्यात, स्वतःच्या विरोधात मतदान करणारा उमेदवार मी अजून बघितला न्हाय. त्यांना हितं बोलवाय पायजे."

"लाल शाईने भिगवणचं नाव लिहिलं ते मीच ना?" मी म्हटलं. "मग माझं निळ्या शाईने कसं लिहू? ठराव मांडा. सभासद क्रमांक एक यांचं सभासदत्व रद्द."

कुणीही सूचक होईना. मी अध्यक्ष, मला सूचक होता येत नव्हतं. सभा तिथेच अडकली. स्वयंपाकघरात कुकर नाही, फोडणी नाही, पाच वाजत आलेले.

तेवढ्यात भिगवणची उठली. मला वाटलं, हिला आज संधी आहे, आईच्या तीन मार्कांची.

"सूचक मी," ती म्हणाली. "नियम म्हंजे नियम." मग पुढे म्हणाली, "पण मग माझंबी नाव खोडा. तीन गुरुवार माझी बारी असताना मी वर झोपले. मला ठावं व्हतं आजी चुकत्यात म्हणून. बदली मी कुठं दिली? आन ऑगस्टातली एक हायेच. चार झाल्या. आजी जाणार तर मीबी जाणार. आमी दोघी खाली वेगळी चूल मांडू. मासं करू रोज. आठला फोन आला की दोघी दिसू."

शेवटचं वाक्य तिने सहज, कांदा चिरावा तसं म्हटलं. मला चष्मा पुसावा लागला.

माळेगावची मात्र हादरली होती. "म्हंजे फुटून दुसरी संस्था?" या भागात याहून भयंकर शब्द नाहीत. "अगं, असं करू नगंस. एकदा फूट पडली की मग पातेलं कुणाचं, फ्रीज कुणाचा, सोलर कुणाचा. आमच्या आबांची तिसरी निवडणूक त्यानंच गेली."

"पातेलं माझं," इंदापूरची लगेच म्हणाली.

"बघा! लागलं सुरू व्हायला!"

मग चिटणीसबाईंनी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली. जिन्याखाली कुजबुज झाली. परत आल्यावर तिने दोन ठराव वाचले. पहिला, सभासद क्रमांक एक व क्रमांक सहा यांचं सभासदत्व नियम सातनुसार रद्द करण्यात येत आहे. दुसरा, नियमांत नवीन सभासद घेण्यास कुठेही मनाई नसल्यामुळे, रिकाम्या झालेल्या दोन जागांसाठी अर्ज मागवण्यात येत आहेत. मुदत, पाच मिनिटं.

मी अकरा नियम लिहिताना ही फट कशी ठेवली कोण जाणे. भिगवणच्या मुलीने वहीचं पान फाडून अर्ज लिहिला आणि पळत जाऊन आधी दिला. मी व्यवस्थित समास सोडून, विषय व संदर्भ घालून लिहिला, म्हणून माझा दुसरा आला. ती सभासद क्रमांक आठ आणि मी क्रमांक नऊ. दोन्ही बिनविरोध. माझी अनुमोदक सांगवीची होती, तीन मंगळवार माझ्या वाटच्या भाकऱ्या थापणारी.

मी हुश्श करून चहा ठेवायला उठणार, तोच ती म्हणाली, "आजी, एक ऱ्हायलं."

"काय?"

"आता टेल तुमी."

नवीन सभासद आला की बारी टेलपासून नव्याने सुरू होते. टेलला पाणी पहिलं. म्हणजे आज, आत्ता, माझी बारी.

"आन नवीन सभासदाची पयली बारी म्हंजे..." जोडमताने एकदम सांगितलं. पिठलं-भाकरी. सातजणींना. मदत न घेता. संस्थापक म्हणून मिळालेली सूट क्रमांक एकबरोबरच रद्द झाली होती.

बाळांनो, ज्वारीचं पीठ कुणाचं ऐकत नाही. मी पेल्याने पीठ मोजलं, पाणी मोजलं, गोळा केला, परातीत थापला, आणि उचलताना त्याचे तीन तुकडे झाले. सहाजणी दारात ओळीने उभ्या. मदत करायची नाही असा ठराव होता, बोलायचं नाही असा नव्हता.

"पाणी गरम घ्या, आजी."

"ए, सांगू नगंस, ती मदत झाली!"

"मी भिंतीला सांगतीय. भिंती, पाणी गरम घे."

भिंतीला बरंच काही सांगण्यात आलं. हाताच्या कडेने थाप, कडा पातळ ठेव, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरव. सातव्या भाकरीपासून गोल म्हणता येईल असं काहीतरी होऊ लागलं. दहावी फुगली. ती फुगली तेव्हा दारातून जो आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या काकू गच्चीत आल्या. त्यांना वाटलं कुणाचातरी निकाल लागला.

बरोबर आठ वाजता डाळीच्या डब्याला टेकवलेला फोन वाजला. टेबल रिकामं होतं, कारण मुली दारात होत्या. पडद्यावर मी एकटीच होते, उभी, कोपरापर्यंत पीठ, आणि हातात उलथणं.

"आई," तुमचे बाबा म्हणाले, "तू पुन्हा उभी आहेस. आणि बाकीच्या कुठे आहेत?"

मी काही बोलायच्या आत सहा डोकी फोनसमोर घुसली. "हितं हाय आमी, काका!"

"आईकडून काम करून घेता तुम्ही? या वयात?"

"नवीन सभासद हायेत त्या," माळेगावची गंभीरपणे म्हणाली. "आजच बिनविरोध घेतलं."

तुमच्या बाबांना अर्थातच काही कळलं नाही. ते म्हणाले, "आई, मी त्या फॉर्मबद्दल बोलायला..."

"तव्यावर भाकरी आहे," मी म्हटलं. "माझी बारी आहे. बारी चालू असताना फोन घ्यायचा नाही." आणि मी फोन बंद केला. इतक्या वर्षांत मी त्यांचा फोन पहिल्यांदाच आधी ठेवला. असा ठराव नव्हता, हेही इथे नमूद करते. तो मी पुढच्या सभेत करून घेतला.

आम्ही साडेआठला जेवायला बसलो. नवीन सभासदाची जागा टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळ. मी ताट घेतलं, बसले, समोर सहाजणी. पिठल्यात मीठ कमी होतं. मिठाची वाटी न मागता हातोहात टेबलावरून फिरली.

फॉर्मची तारीख उलटून गेली, असं मला तुमच्या आईकडून समजलं. मी त्यावर काही विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

त्या दिवशीच्या रजिस्टरची नोंद भिगवणच्या मुलीने केली. लाल पेन तिने माझ्याकडून मागून घेतलं आणि लिहिलं ते जसंच्या तसं खाली उतरवते:

सभासद क्रमांक नऊ (नवीन). बारी पूर्ण. भाकऱ्या चौदा, पैकी खाण्याजोग्या अकरा. तीन मार्कांनी नापास, पण वरच्या वर्गात घातले.